टायगर मेमनची गोष्ट आणि दिघीचा धक्का

यावेळची पोस्ट पेट किंवा नेट झाल्यावर ‘आता विषय काय घेऊ?’ या टप्प्यावर अडकलेल्यांसाठी. पत्रकारिता, राज्यशास्त्र, समाजशास्त्र या शाखांकडे जाणाऱ्यांत एक विषय हमखास आवडता असतो: अमुक दहशतवादी नेत्याचं आयुष्य आणि त्याचा उदय. विषय दमदार वाटतो, साहित्य भरपूर मिळतं, गाइडही पटकन हो म्हणतात. मी रसायनशास्त्रातला, पण पुरावा कशाला म्हणायचं हा प्रश्न सगळ्या शाखांत सारखाच असतो. म्हणून आज आपण आपल्याच जिल्ह्याशी बांधलेली एक केस घेऊ: टायगर मेमन. आणि त्याच्याविषयी सगळ्यात जास्त वाचलं-पाहिलं गेलेलं काम तपासू: एस. हुसेन झैदी यांचं २००२चं ‘ब्लॅक फ्रायडे’ हे पुस्तक आणि त्यावरचा अनुराग कश्यपचा सिनेमा.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला ते तपासत जाता येईल. या माणसाचा गुन्हा सिद्ध करायला पुरेसा पुरावा आहे. पण त्याचा ‘उदय’ ज्या पद्धतीने सांगितला जातो, त्याला तितका पुरावा नाही. आणि जिथे खरा पुरावा आहे, ती जागा म्हणजे रायगडचा किनारा, गोष्टीत केवळ नेपथ्य होऊन बसते.

आधी घटनाक्रम

१२ मार्च १९९३, शुक्रवार. मुंबईत दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीपासून स्फोटांची मालिका सुरू झाली. २५७ माणसं गेली, ७१३ जखमी झाली. वापरलेलं आरडीएक्स समुद्रमार्गे आलं होतं. ९ जानेवारीला दिघीला शस्त्रं उतरली, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शेखाडीला दोनदा माल उतरला. दोन्ही ठिकाणं श्रीवर्धन तालुक्यात. रोहा-पेणवाल्यांना भूगोल सांगायला नको. म्हसळ्याकडून वर महामार्गाला लागलं की मुंबईची वाट कोलाड, नागोठणे, पेण अशीच जाते.

टायगर, म्हणजे इब्राहिम मुश्ताक मेमन, माहीमचा. स्फोटांच्या दिवशी सकाळीच तो देशाबाहेर गेला आणि आजपर्यंत हाती लागलेला नाही. टाडा न्यायालयाने २००६-०७ मध्ये १०० जणांना दोषी धरलं. २१ मार्च २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने अपिलं निकाली काढली. ३० जुलै २०१५ला त्याचा भाऊ याकूब याला नागपुरात फाशी झाली.

पुस्तक आणि सिनेमा कुठे चांगले आहेत

टीका करण्याआधी हे मान्य करायला हवं. झैदींनी हजारो पानांचा खटला सामान्य वाचकाला वाचता येईल असा मांडला. लँडिंग, कस्टम्स, ट्रेनिंग, आरोपींची पळापळ हे सगळं त्यात आहे. कश्यपचा सिनेमा तर एका बाबतीत पुस्तकाच्याही पुढे जातो. तो बराच वेळ म्होरक्याला सोडून बादशाह खान या प्याद्याच्या मागे फिरतो. पैसे संपलेला, गावोगाव लपणारा, फोन लागत नाही म्हणून हवालदिल झालेला माणूस. तिथे कळतं की संघटना आतून कशी पोकळ असते. टाडाचा निकाल येईपर्यंत हा सिनेमा कोर्टाने रोखून धरला होता, तो फेब्रुवारी २००७मध्ये प्रदर्शित झाला. म्हणजे पडद्यावरची गोष्ट न्यायावर परिणाम करू शकते हे तेव्हा न्यायव्यवस्थेनेही गांभीर्याने घेतलं होतं.

‘उदय’ कसा रचला जातो

आता अडचणीची जागा. टायगर हे नाव कसं पडलं याची एक गोष्ट सगळीकडे फिरते. पोलिस मागे लागलेले असताना त्याने एकेरी रस्त्यावर उलट्या दिशेने भरधाव गाडी घातली आणि निसटला. आधी बँकेतली साधी नोकरी, तिथून भांडून बाहेर, मग तस्करांचा ड्रायव्हर, मग स्वतःचा धंदा, मग दंगलीत जळालेलं ऑफिस आणि मग सूड. पायऱ्या कशा एकावर एक चढत जातात बघा.

पण स्वतःला विचारा: ही गाडी कोणी पाहिली? कोणत्या वर्षी? कोणी लिहून ठेवलं? अशा गोष्टी बहुतेक वेळा माणूस कुप्रसिद्ध झाल्यानंतर आठवल्या जातात. शेवट माहीत असतो, म्हणून सुरुवातीत त्याच्या खुणा सापडतात. त्या काळात मुंबईत बेफाम गाडी चालवणारे, नोकरी सोडलेले, दंगलीत दुकान जळालेले किती असतील? त्यांतले किती जण असं काही करायला गेले? ज्यांनी केलं नाही त्यांची चरित्रं कोणी लिहीत नाही. फक्त स्फोट झालेल्या प्रयोगांची वही वाचून ‘या रसायनामुळे स्फोट होतो’ असं लिहिलंत, तर व्हायव्हात पहिला प्रश्न येईल की तेच रसायन शांत बसलेल्या बाटल्या कुठे आहेत?

बोलतंय कोण?

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. टायगर फरार आहे. त्याचा जबाब नाही, त्याची उलटतपासणी झालेली नाही. बैठकीत तो काय म्हणाला, कसा चिडला, काय वचन दिलं, हे आपल्याला कळतं ते मुख्यतः इतर आरोपींच्या कबुलीजबाबांतून. टाडा कायद्याच्या कलम १५प्रमाणे पोलिस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य होता. साध्या कायद्यात पोलिसांपुढचा कबुलीजबाब असा चालत नाही. अनेकांनी आपले जबाब नंतर मागेही घेतले. न्यायालयाने तरीही ते स्वीकारले, जोडीला जप्ती आणि साक्षी होत्या म्हणून. वरळीत सोडून दिलेली, शस्त्रं असलेली मारुती व्हॅन मेमन कुटुंबातल्या एकाच्या नावावर निघाली, ही वस्तू कोणाच्या जबाबावर अवलंबून नाही. म्हणून गुन्ह्याबद्दल शंका राहत नाही.

पण स्वभावाची जप्ती कशी करणार? कोठडीतला माणूस स्वतःची भूमिका लहान करून सांगणार, आणि ती लहान करायची तर दुसरं कोणीतरी मोठं व्हायला हवं. जो समोर नाही, ज्याला त्रास होणार नाही, तो फरार म्होरक्या यासाठी सोयीचा असतो. पुस्तकातला बादशाह खानसुद्धा माफीचा साक्षीदार झालेला, नाव बदललेला माणूस आहे. तो खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. त्याच्या बोलण्याला एक ठरावीक झुकाव असू शकतो, एवढंच.

इथे विज्ञानवाल्यांची एक साधी गोष्ट कामाला येते. तराजू पाच ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर त्याच तराजूवर वीस वेळा मोजून चूक कमी होत नाही. वीसही आकडे एकमेकांशी जुळतात आणि वीसही चुकीचेच असतात. वीस कबुलीजबाब, त्यांवरून आरोपपत्र, त्यावरून बातम्या, बातम्यांवरून पुस्तक, पुस्तकावरून सिनेमा. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये हे पाच वेगवेगळे संदर्भ दिसतात, पण तराजू एकच आहे.

दिघी काय सांगते

आता टायगरला गोष्टीतून क्षणभर बाजूला काढून बघा. काय उरतं? ९ जानेवारीचं दिघी उरतं. ते लँडिंग त्याचं नव्हतं, डोसा भावांचं होतं. मुस्तफा डोसाला त्यासाठी जून २०१७मध्ये दोषी ठरवलं गेलं आणि त्याच महिन्यात तो मेला. म्हणजे एकाच किनाऱ्यावर, एकाच महिन्याच्या अंतराने, दोन वेगवेगळ्या टोळ्या तेच काम करून गेल्या. शिवाय ९ जानेवारीला मुंबईत दंगलीचा दुसरा टप्पा अजून चालूच होता. ‘एका माणसाचं ऑफिस जळलं म्हणून’ हे उत्तर दिघीला लागू पडत नाही.

याचा अर्थ दंगलीचा संबंध नाही असा काढू नका. श्रीकृष्ण आयोगाने दंगलींत ९०० मृत्यू नोंदवले आणि त्या दंगली स्फोटांना कारणीभूत ठरल्याचं दिसतं, असं म्हटलं. तो समूहाच्या पातळीवरचा दुवा आहे. एका माणसाच्या दुखावलेपणावर तो जसाच्या तसा उतरवता येत नाही. पातळी बदलली की पुरावाही बदलावा लागतो.

दिघीहून माल घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्याला पोलिसांनी अडवल्या होत्या. सौदा ठरला, हमी म्हणून चांदीच्या विटा दिल्या गेल्या आणि गाड्या सुटल्या. पोलिस आणि कस्टम्सचे अधिकारी या खटल्यात दोषी ठरले. अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा यांना टाडा न्यायालयाने जन्मठेप दिली. नाकाबंदी नेमकी कुठे लावली गेली, हा त्यांच्या प्रकरणातला एक मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयानेही या यंत्रणांवर कडक ताशेरे ओढले.

माझ्या मते या प्रकरणातला खरा ‘उदय’ इथे आहे. चांदी-सोन्याची वाट वर्षानुवर्षं तयार होती. होड्या, लँडिंग एजंट, हमाल, ट्रक, हप्ते, डोळेझाक. मजबूत सवय लागलेली व्यवस्था. शस्त्रांसाठी नवी वाट पाडावी लागली नाही, फक्त माल बदलला. आरडीएक्सला त्या जबाबांत ‘काला साबुन’ म्हटलेलं आढळतं. नावसुद्धा धंद्याच्याच भाषेतलं. यात एक उपप्रश्नही दडलेला आहे. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९०मध्ये रद्द झाला, १९९२पासून परदेशस्थ भारतीयांना पाच किलो सोनं आणता येऊ लागलं. तस्करीचा नफा आटत चाललेल्या वाटेवर दुसरा माल घेण्याची तयारी वाढली का? हे मी निष्कर्ष म्हणून सांगत नाही, पण हा प्रश्न तपासता येण्यासारखा आहे. ‘टायगर असा का होता?’ हा तसा नाही.

पुस्तकात हे प्रसंग आहेत, हे पुन्हा सांगतो. पण तिथे ते टायगरच्या धाडसाचे टप्पे म्हणून येतात. फाटा सुटतो तेव्हा वाचक सुटकेचा श्वास टाकतो. सुटकेचा! अडवलेली शस्त्रं पुढे गेली याबद्दल. नायककेंद्री मांडणी वाचकाला नकळत कुठे उभं करते ते यावरून कळावं.

‘जिहादी’ म्हणायचं का?

शब्दाबाबतही सावध राहा. जबाबांत कुराणावर घेतलेल्या शपथा आहेत, पाकिस्तानातलं ट्रेनिंग आहे, बाबरी आणि दंगलींच्या सुडाची भाषा आहे. पण पत्रकं, विचारसरणी, भरतीची शिस्त असलेली संघटना दिसत नाही. २००७-०८मध्ये ई-मेल पाठवून जबाबदारी घेणाऱ्या इंडियन मुजाहिदीनसारखं काही इथे नाही. २००१नंतर रुळलेला शब्द १९९३वर चिकटवला की तस्कर, सुडाने पेटलेली पोरं, परकीय गुप्तहेर यंत्रणा आणि लाचखाऊ अधिकारी हे चार वेगळे घटक एका लेबलाखाली जातात. लेबल लावलं की चौथा घटक सगळ्यात आधी दिसेनासा होतो.

याची किंमत आपण मोजतोच. १८ ऑगस्ट २०२२ला हरिहरेश्वरजवळ तीन एके-४७ असलेली बोट लागली, तेव्हा काही तासांत सगळीकडे १९९३ची आठवण निघाली आणि किनाऱ्यावरच्या गावांकडे संशयाने पाहिलं गेलं. बोट परदेशी दांपत्याने वादळी समुद्रात सोडून दिलेली निघाली. सावध राहण्यात चूक नव्हती. पण आपल्या डोक्यात ‘गाव’ आणि ‘धर्म’ हे उत्तर आधीच तयार होतं, फाट्यावरची नाकाबंदी आज कशी चालते हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

तुमच्या प्रपोजलसाठी

असा विषय घ्यायचाच असेल तर घ्या. फक्त सुरुवात चरित्राने करू नका. २०१३चा निकाल मोफत वाचायला मिळतो. त्यातला लँडिंगचा भाग काढा आणि चार रकाने आखा: काय घडलं, हे कोण सांगतंय, सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे, आणि या व्यक्तीशिवाय दुसरा स्वतंत्र पुरावा कोणता. मग ‘ब्लॅक फ्रायडे’ हातात घ्या आणि टायगरबद्दलचं प्रत्येक वाक्य कोणत्या ओळीत बसतं ते बघा.

चौथा रकाना जिथे रिकामा राहील तिथे गोष्ट आहे, जिथे भरेल तिथे संशोधन. पहिलं पान भरून झालं की कमेंटमध्ये लिहा, कुठे अडलात ते आपण मिळून बघू.