‘ऋण’ म्हणजे ‘निरोगी’ नव्हे : माकडांच्या क्षयपरीक्षेतील एक अर्थदोष

वैद्यकीय परीक्षेचा निष्कर्ष सांगताना ‘निगेटिव्ह’ म्हणजे ‘निरोगी’ असे समीकरण व्यवहारात सर्रास मांडले जाते. प्रयोगशाळेतील माकडांच्या क्षयपरीक्षेच्या संदर्भात ते तपासून पाहिले असता केवळ सदोषच नव्हे, तर घातकही ठरते.

कॉख याने १८९० साली पुढे आणलेले ट्युबरक्युलिन हे या परीक्षेचे जुने साधन होय. माकडाच्या वरच्या पापणीच्या त्वचेत ते ०.१ मिलिलिटर टोचतात व २४, ४८ आणि ७२ तासांनी पापणी पाहतात. प्रतिक्रियेस ० ते ५ असे अंक दिले जातात. ० ते २ ऋण, ३ संदिग्ध, ४ व ५ धन. पापणीच निवडण्याचे कारण असे की, प्राण्यास न पकडता पिंजऱ्याबाहेरूनही सूज दिसू शकते.

येथे मोजला जातो तो जंतू नव्हे; जंतूस शरीराने दिलेले उत्तर. संसर्ग नवा असेल तर ते उत्तर अद्याप सिद्ध झालेले नसते. रोग फार बळावला असेल तर ते देण्याची शक्ती उरलेली नसते. गोवराच्या बाधेनेही ते दबते. म्हणजे अत्यंत रोगग्रस्त माकडही कागदावर ‘निरोगी’ ठरू शकते. ऱ्हीसस जातीत क्षय वेगाने फैलावत असल्याने त्याची झळ सबंध कळपास लागते. उलटपक्षी, धन ठरलेल्या प्राण्यास बहुधा मारण्यात येते. तेव्हा ‘रोगी’ हा शब्द चुकला तरी त्याची किंमत प्राण्यासच द्यावी लागते.

अनुपलब्धी हे प्रमाण मानणाऱ्या भाट्ट मीमांसकांनी तिला योग्यतेची अट घातली होती. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच तिचे न दिसणे तिच्या अभावाचे प्रमाण होते. एकट्या पापणीच्या परीक्षेत ही अट पुरी होत नाही. म्हणूनच विलगीकरणात ही परीक्षा किमान दोन आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा करतात आणि क्ष-किरण, रक्तातील इंटरफेरॉन-गॅमाची मोजणी व जंतुसंवर्धन यांची तिला जोड देतात.

शास्त्राने जी सावधगिरी कृतीत आणली, ती शब्दातही यावयास हवी. ‘निरोगी’ ऐवजी ‘प्रतिक्रिया आढळली नाही’ असे लिहिणे लांबट खरे. परंतु त्यात जेवढे कळले तेवढेच सांगितले जाते.