‘२६८ पळाले’: खऱ्या आकड्यातली लबाडी

‘नकारात्मक प्रचार’ हे शब्द आपण शिवी दिल्यासारखे वापरतो. आम्हाला ते पटत नाही. समोरच्याने सत्तेत असताना काय केलं हे मतदाराला सांगायचंच नसेल, तर निवडणूक म्हणजे नुसता सत्कार समारंभ झाला. टीका हवीच. ती बघणाऱ्याच्या मनात काय पेरते, आणि पेरलेलं खरं असतं का, एवढाच प्रश्न आहे. त्यासाठी आज अमेरिकेतल्या दोन जाहिराती बघू.

पहिली १९६४ची, ‘डेझी’. लिंडन जॉन्सन यांच्या प्रचाराची. ७ सप्टेंबरच्या रात्री एकदाच पैसे भरून दाखवलेली. एक चिमुरडी फुलाच्या पाकळ्या खुडत आकडे मोजते, अडखळते. मग एक पुरुषी आवाज उलटे आकडे मोजतो आणि पडदाभर अणुस्फोट. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचं नावसुद्धा नाही! ते आपण भरायचं. व्हिएतनाममधल्या जंगलांची पानं झडवायला कमी ताकदीची अण्वस्त्रं वापरता येतील, असं गोल्डवॉटर त्याच वर्षी एका मुलाखतीत बोलले होते. आपण ती वापरू असं वाटत नाही, हेही त्यांनी जोडलं होतं. जाहिरातीने पुस्ती गाळली, भीती ठेवली. ही अतिशयोक्ती झाली. पण आधार होता. (शांततेच्या भरवशावर जॉन्सनना मत देणाऱ्यांनी पुढच्याच वर्षी व्हिएतनामला लढाऊ तुकड्या जाताना पाहिल्या, ते वेगळंच.)

दुसरी १९८८ची, थोरल्या बुश यांच्या प्रचाराची, आणि तिथे आमचा खरा आक्षेप आहे. तुरुंगाच्या फिरत्या दारातून कैदी आत जातात आणि तसेच बाहेर येतात. विषय मॅसॅच्युसेट्समधली फर्लो, म्हणजे आपल्याकडची संचित रजा. तिथले गव्हर्नर मायकेल डुकाकिस हे बुश यांचे प्रतिस्पर्धी. निवेदक सांगतो, पॅरोललाही पात्र नसलेल्या खुन्यांना यांनी सुट्टीवर सोडलं. त्याच वेळी पडद्यावर अक्षरं येतात: २६८ पळाले.

आता बघा. खुन्यांना रजा मिळत होती, हे खरं. २६८ हा आकडाही खरा. पण तो सगळ्या प्रकारच्या कैद्यांचा. निवेदक ज्यांच्याबद्दल बोलतोय, तसे खुनी त्यांत फक्त चार! कान एक ऐकतो, डोळा दुसरं वाचतो आणि डोकं बेरीज करतं. खोटं बोललं कोण? कुणीच नाही. म्हणूनच हे साध्या थापेपेक्षा वाईट आहे, असं आम्ही म्हणतो. थाप पकडता येते.

शिवाय ही जाहिरात एकटी आली नव्हती. आधी एका ‘स्वतंत्र’ गटाने विली हॉर्टन या कृष्णवर्णीय कैद्याचा फोटो दाखवणारी जाहिरात केली होती. रजेवरून पळालेल्या हॉर्टनने १९८७ साली मेरीलँडमध्ये एका जोडप्यावर भीषण अत्याचार केले होते. बुश यांच्या जाहिरातीत त्याचं नाव नाही, फोटो नाही. गरजच काय होती? चेहरा लोकांच्या मनात आधीच बसला होता. काम दोघांनी वाटून घेतल्यासारखं झालं आणि वर्णद्वेषाचा जाब द्यायला अधिकृतपणे कुणीच नाही.

यातली चुटपूट लावणारी गोष्ट अशी, की सरळ टीकेला भरपूर जागा होती. रजेची योजना १९७२ साली रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात सुरू झाली हे खरं. पण अशा खुन्यांना तीतून वगळणारं विधेयक १९७६ साली डुकाकिस यांनीच नाकारलं होतं. तेवढं सांगितलं असतं तरी ती कडक नकारात्मक जाहिरात झाली असती, आणि आम्ही तिची बाजू घेतली असती.

आपली आदर्श आचारसंहिता सांगते, टीका धोरण, कार्यक्रम, पूर्वीची कामगिरी यांवर करा. खाजगी आयुष्यात शिरू नका, पडताळणी न केलेले आरोप करू नका. चांगलंच आहे. पण ‘२६८’ या सगळ्यातून सहज सुटतो! विषय कामगिरीचाच, आकडा पडताळलेलाच. टीव्हीवरच्या राजकीय जाहिराती आपल्याकडे आधी तपासून घ्याव्या लागतात. तपासणाऱ्याने संहिता नुसती ओळीओळीने वाचली, तर त्याला काय सापडणार? आवाज बंद करून एकदा, चित्र बंद करून एकदा आणि मग दोन्ही मिळून, असं बघावं लागेल.

डुकाकिस बराच काळ गप्प राहिले. शेवटी त्यांच्या बाजूनेही उत्तर आलं. केंद्र सरकारच्या ताब्यातून निसटलेला एक कैदी, त्याने केलेला खून आणि ठपका रिपब्लिकनांवर. तो कैदी लॅटिनो होता.