रिकाम्या लेव्हलची भीती: ‘एलियन्स टीसी’ या जुन्या मॉडचं परीक्षण

रिसर्चला लागण्याच्या तयारीत असलेल्या मुलामुलींकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘आमच्याकडे मशीनच धड नाही, मग वेगळं काय करणार?’ सोलापुरातल्या बऱ्याच लॅबमध्ये हे अगदीच खोटं नसतं. पण ते किती खरं आहे, हे एकदा तपासायला हवं. त्यासाठी आज एका गेमचं परीक्षण करूया. गेम तीस वर्षांपूर्वीचा आहे, एका माणसाने केलेला आहे आणि फुकट वाटलेला आहे. नाव ‘एलियन्स टीसी’, साल १९९४, करणारा जस्टिन फिशर.

आधी मॉड म्हणजे काय ते बघू. आयडी सॉफ्टवेअरचा ‘डूम’ हा बंदूकबाजीचा गेम १० डिसेंबर १९९३ला आला. त्याची रचना दोन भागांत होती. गेम चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे इंजिन, एका फाईलमध्ये आणि नकाशे, चित्रं, आवाज दुसऱ्या फाईलमध्ये. या दुसऱ्या फाईलला ‘वॅड’ म्हणतात. चादरीच्या गावात राहणाऱ्याला हे पटकन कळेल. जुन्या जॅकार्ड मागावर नक्षी मागात नसते, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत असते. पुठ्ठे बदला, त्याच मागावर मोराच्या जागी फूल उमटतं. डूमचा मॉड म्हणजे असेच नवे पुठ्ठे. नुसता एखादा नकाशा नाही, तर चित्रं, आवाज, शस्त्रं, शत्रू असं सगळंच बदललं की त्याला ‘टोटल कन्व्हर्जन’ म्हणतात. नावातला ‘टीसी’ तोच. डूमचं पहिलं टोटल कन्व्हर्जन म्हणून याच मॉडचं नाव घेतलं जातं.

मॉडला आधार आहे जेम्स कॅमेरॉनच्या १९८६च्या ‘एलियन्स’ सिनेमाचा. यात एक गंमत आहे. डूम करण्याआधी आयडीच्या मंडळींनी याच सिनेमाचे हक्क घेऊन गेम करण्याचा विचार केला होता. मग, आपल्याला हवं ते करण्याची मोकळीक राहणार नाही म्हणून तो सोडून दिला. त्यांनी सोडलेल्या वाटेवर फिशर त्यांचंच इंजिन घेऊन गेला.

आता मुख्य मुद्दा. या मॉडच्या पहिल्या लेव्हलमध्ये एकही शत्रू नाही.

हे किती धाडसाचं आहे ते डूम खेळलेल्यालाच कळेल. डूममध्ये पहिल्या मिनिटापासून गोळ्या सुटतात. दार उघडलं की समोर कोणीतरी असतंच. ती सवय घेऊन तुम्ही इथे येता. दार उघडता, कोणी नाही. वळणावर बंदूक रोखता, कोणी नाही. तिसऱ्या-चौथ्या दारापाशी लक्षात येतं, की आपण हळू चालायला लागलोय. शत्रू आला असता तर भीती मोकळी झाली असती. तो येत नाही म्हणून ती साठत जाते. डूमने लावलेली सवय फिशरने डूमवरच उलटवली आहे, आणि तेही काही न घालता, फक्त काढून टाकून.

या भीतीला यंत्राच्या हिशेबात किती खर्च आला? डूमला किमान ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम लागायची. एवढ्यात खऱ्या प्रकाशाचं गणित करणं शक्यच नव्हतं. म्हणून इंजिनमध्ये प्रत्येक खोलीला उजेडाचा एकच आकडा असतो, ० ते २५५ मधला. त्यावर, वस्तू जितकी लांब तितकी ती काळी, आणि ही काळोखी ३२ पायऱ्यांच्या एका तयार तक्त्यातून उचलली जाते. गणित नाही, फक्त तक्त्यात बघायचं. म्हणजे या इंजिनला अंधार जवळपास फुकटात जमतो. रिकामी खोली तर त्याहून स्वस्त, कारण तिथे हलणारं कोणी नाहीच.

उलट, मोठे सजवलेले दिवाणखाने या इंजिनला झेपत नाहीत. एका वेळी डोळ्यांसमोर जमिनीचे आणि छताचे जास्तीत जास्त १२८ तुकडे मांडता येतात. वेगळी उंची, वेगळा पोत किंवा वेगळा उजेड आला की तुकडा वाढतो. १२८ची हद्द ओलांडली की गेम एरर देऊन सरळ बंद पडतो. सिनेमातल्या वसाहतीचे अरुंद, अंधारे बोळ या मर्यादेत नीट बसतात. इंजिनला जे स्वस्तात जमतं, त्यातच या मॉडला आपली भीती सापडली. माझ्या मते त्याची सगळी ताकद इथे आहे, आणि तुमच्या सिनॉप्सिसला उपयोगी पडेल अशी गोष्टही हीच. ‘माझ्या मशीनवर काय चालत नाही’ ही यादी सगळेच करतात. ‘माझ्या मशीनवर काय जवळपास फुकट चालतं’ ही यादी करून बघा. लहान डेटा, नीट बसून हाताने केलेल्या नोंदी, एकाच चलाची काटेकोर तपासणी. चांगला प्रश्न अनेकदा या दुसऱ्या यादीत दडलेला असतो.

पण परीक्षण म्हणजे नुसतं कौतुक नाही. शत्रू आले की मॉड खाली उतरतो. सिनेमातले एलियन भिंतीवरून, छतावरून येतात, म्हणून तिथे कुठलीच दिशा सुरक्षित नसते. डूममध्ये जमिनीवरच्या कुठल्याही जागेला एक जमीन आणि एक छत, बस. खोलीवर खोली नाही, छतावरून चालणं नाही. शिवाय शत्रूची वागणूक ‘वॅड’मध्ये नसते, ती मूळ प्रोग्रॅममध्ये असते. तिथे हात घालायला ग्रेग लुईसचं ‘डीहॅकएड’ नावाचं साधन होतं. त्याने वेग, ताकद, चित्रांचा क्रम असले तक्त्यातले आकडे बदलता यायचे, नवीन वागणूक लिहिता यायची नाही. मागाचे दोन-चार स्क्रू फिरवल्यासारखं. त्यामुळे अंगरखा एलियनचा आणि चाल डूमच्या राक्षसाची, असं होतं. इतका वेळ साठवलेली भीती पहिल्या काही गोळ्यांत संपते आणि पुढे चांगला, पण ओळखीचा गेम उरतो.

दुसरी उणीव याहून खोल आहे. सिनेमा एका तुकडीचा आहे. भरपूर शस्त्रं असलेली माणसं एकेक करून कशी कोलमडतात, कोण शेवटपर्यंत टिकतं, हा त्याचा प्रश्न. मूळ डूममध्ये तुमच्या बाजूने लढणारी पात्रंच नाहीत. म्हणून मॉडमध्ये तुम्ही एकटे. ‘माझ्या शेजारचा टिकेल का’ हा प्रश्न जातो आणि ‘माझ्याकडे गोळ्या किती’ हा उरतो. साधनाने इथे विषयच बदलला. रिसर्चमध्येही हे सर्रास घडतं. सॉफ्टवेअरमध्ये एखादी टेस्ट हाताशी असते, म्हणून प्रश्न त्या टेस्टच्या मापाचा केला जातो आणि शीर्षक मात्र जुनंच राहतं. मर्यादा असणं हा दोष नव्हे. मर्यादेमुळे प्रश्न बदलला तर ते लिहायला हवं, एवढंच.

तिसरा मुद्दा उसन्या भीतीचा. मॉडमध्ये सिनेमातले आवाज वापरले आहेत. सिनेमा पाहिलेल्याच्या मनात त्या आवाजाबरोबर सगळी दृश्यं जागी होतात. मग पहिल्या लेव्हलमधली भीती फिशरची किती आणि कॅमेरॉनची किती? याची परीक्षा सोपी आहे. सिनेमा न पाहिलेल्या मित्राला खेळायला बसवा. माझं मत असं, की पहिली लेव्हल तरीही उभी राहते, कारण ती डूमच्या सवयीवर बांधलेली आहे. पुढच्या बऱ्याच जागा सिनेमाच्या आठवणीवर टेकलेल्या आहेत. आपल्या चॅप्टरलाही हीच परीक्षा लावता येते. मोठ्या लेखकाचं नाव काढून टाकलं तर माझा युक्तिवाद उभा राहतो का?

अशा कामांबद्दल बोलताना तीन शब्द सहज वापरले जातात: एकट्याने, फुकट, जुन्या मशीनवर. तिन्ही शब्द तपासून घ्या.

‘एकट्याने’. निर्णय एकाचे, हे खरं. पण त्या काळात मॉड करणाऱ्यांच्या हाताशी ब्रेंडन वायबर आणि राफाएल किने यांचा ‘ड्यू’ हा नकाशे काढायचा एडिटर होता, मॅट फेलने लिहिलेली डूमच्या फाईलींची अनधिकृत माहितीपुस्तिका होती, लुईसचं साधन होतं. हे सगळं लोकांनी स्वतःहून करून वाटलेलं. एकट्याचं काम असं अनेकांच्या खांद्यावर उभं असतं. प्रबंधातलं ऋणनिर्देशाचं पान म्हणूनच उपचार नाही, ती पद्धतीची माहिती असते.

‘फुकट’. मॉड फुकट, पण डूम नाही. मोफत वाटलेल्या डूममध्ये पहिला भागच होता. असे मॉड चालवायला पूर्ण गेम विकत घ्यावा लागायचा. आणि फुकट म्हणजे मोकळं असंही नाही. १९९७ मध्ये ‘एलियन्स क्वेक’ नावाच्या दुसऱ्या एका मॉडला सिनेमाचे हक्क असलेल्या फॉक्स कंपनीने काम थांबवायला लावलं. मॉडवाल्यांच्या बोलीत त्यावरून ‘फॉक्स्ड’ असा शब्दच पडला. पैसे घेत नाही, म्हणून दुसऱ्याचं वापरायचा हक्क मिळत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला ‘फ्रीडूम’ आहे. डूमचा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झाला, १९९९ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली आला, आणि अनेकांनी मिळून चित्रं, आवाज, नकाशे नव्याने करून मोकळ्या परवान्याने दिले. कामाला वेळ लागतो, पण ते कोणी काढून घेऊ शकत नाही. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरवर किंवा परवानगी न घेतलेल्या डेटावर प्रबंध उभा करण्याआधी ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा.

‘जुन्या मशीनवर’. कुठल्या जुन्या? मॉड एकच असला तरी तो कशात चालवता यावर सगळं अवलंबून. ‘चॉकलेट डूम’ हा मूळ प्रोग्रॅमशी शक्य तितका प्रामाणिक राहतो, अगदी त्याच्या मर्यादांसकट, आणि हलका असतो. ‘जीझेडडूम’ ग्राफिक्स कार्डाकडून बरंच काही मागतो. त्याच्यासाठी केलेले आजचे मॉड लॅबमधल्या जुन्या पीसीवर अडखळतील. म्हणून ‘जुन्या मशीनवर चालतो’ हे वाक्य अपुरं आहे. प्रोसेसर, रॅम, प्रोग्रॅमचं नाव आणि व्हर्जन लिहिलं की ते विधान होतं, आणि दुसऱ्याला तपासता येतं. नाहीतर ती जाहिरात.

तर, या आठवड्यात एवढं करा. हाताशी असलेल्या सगळ्यात जुन्या पीसीवर चॉकलेट डूम किंवा तसाच एखादा हलका प्रोग्रॅम टाका, त्यात एक मॉड चालवा आणि एक पानभर परीक्षण लिहा. तीन प्रश्न पुरेत. साधनाला जे सहज जमतं, त्याचा इथे काय उपयोग केलाय? साधनामुळे मूळ प्रश्न कुठे बदललाय? यातलं उसनं किती? मग तेच तीन प्रश्न स्वतःच्या सिनॉप्सिसला विचारा. दुसऱ्यांदा उत्तरं लिहायला जास्त वेळ लागेल. तो वेळ द्या. गाईडसमोर बसण्याआधीच निम्मं काम झालेलं असेल.