पूर्णविराम : उसने चिन्ह, अपुरा नियम

मराठी गद्याला विरामचिन्हांची शिस्त लाभली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीच्या संपर्कातून. मेजर थॉमस कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका १८५० मधील. तत्पूर्वी मोडी लेखन शब्दही न तोडता सलग चालत असे आणि पोथ्यांत दंड होता. हिंदीने दंड राखला, मराठीने टिंब स्वीकारले. १९५६ पर्यंत हिंदी-मराठी द्विभाषिक प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात ही दोन्ही चिन्हे आजही शेजारी नांदतात. नंदनवनातील महाविद्यालयीन विद्यार्थी हिंदीत दंड देतो, मराठीत टिंब देतो आणि इंग्रजीतील टिंब हे मराठीतलेच आहे असे गृहीत धरतो. त्याच्या इंग्रजी लेखनातील बहुतेक विरामदोषांचे मूळ या गृहीतकात आहे.

वर्गात पूर्णविराम शिकविला जातो तो 'थांबण्याची खूण' म्हणून. 'विराम' या संज्ञेनेच ही समजूत दृढ केली आहे. पाणिनीच्या व्याकरणातही विराम म्हणजे उच्चाराचे थांबणे होय. परंतु इंग्रजीत हे चिन्ह श्वासापेक्षा वाक्यरचनेशी अधिक बांधलेले आहे. मराठी वाक्य सामान्यतः क्रियापदाने संपते. 'पडत होता' म्हणताच वाक्य पुरे झाले हे वाचकास कळते, टिंब त्यावर केवळ शिक्कामोर्तब करते. इंग्रजीत क्रियापद मध्ये येते, म्हणून वाक्याचा शेवट टिंब आणि त्यापुढील मोठे अक्षर या जोडीनेच कळतो. देवनागरीत मोठे अक्षर नाही, हा भेदही येथे लक्षात घ्यावा लागतो.

'पाऊस पडत होता, आम्ही घरीच थांबलो' हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. 'इट वॉज रेनिंग, वुई स्टेड ॲट होम' येथे मात्र स्वल्पविराम दोष ठरतो. तेथे पूर्णविराम, अर्धविराम अथवा उभयान्वयी अव्यय हवे. याच्या उलट, 'आम्ही घरी थांबलो. कारण पाऊस पडत होता.' ही मराठी रीत सहज चालते, पण 'बिकॉज'ने आरंभलेला गौण भाग औपचारिक इंग्रजीत टिंबाने तोडला की वाक्य अर्धवट उरते. पहिल्या ठिकाणी टिंब राहून गेले, दुसऱ्या ठिकाणी अकारण पडले. 'दीर्घ विराम घ्यावा' हा नियम यांपैकी एकही चूक दुरुस्त करू शकत नाही, कारण दोन्ही ठिकाणी विद्यार्थी योग्य तेथेच थांबलेला असतो.

संक्षेपांची कथा निराळी. 'मिस्टर', 'डॉक्टर' यांच्या इंग्रजी संक्षेपांत मूळ शब्दाचे शेवटचे अक्षर राखले जाते, म्हणून आधुनिक ब्रिटिश रूढी तेथे टिंब देत नाही, अमेरिकन रूढी देते. मराठीत तर 'श्री' हा पूर्ण शब्द असूनही त्यापुढे टिंब देण्याचा प्रघात आहे! अशा ठिकाणी एका निबंधात एकच रूढी पाळली तरी पुरे. गुण कापायचेच असतील तर ते या टिंबांसाठी कापू नयेत. उत्तरपत्रिकेत केवळ लाल वर्तुळ काढण्याऐवजी त्या वाक्यातील कर्ता व क्रियापद अधोरेखित करावयास लावणे अधिक उपयोगी ठरते. दुसरी कर्ता-क्रियापद जोडी कोठे सुरू झाली आणि ती पहिलीशी कशाने जोडली आहे, हे दिसले की टिंबाची जागा विद्यार्थी स्वतःच शोधू शकतो.