‘इंडियन’ : एका विशेषणाची व्याप्ती

राष्ट्रवाचक विशेषण वरवर पाहता सर्वांत निरुपद्रवी शब्द होय. ते देशाचे नाव सांगते आणि बाजूला होते. इंग्रजीतील ‘इंडियन’ या शब्दाचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. सिंधू नदीच्या नावापासून निघून इराणी, ग्रीक व लॅटिन या वाटांनी तो इंग्रजीत आला. पुढे कोलंबसाच्या भ्रमामुळे अमेरिकेतील मूळ रहिवाशांनाही चिकटला. ‘अँग्लो-इंडियन’ या जोडशब्दाने प्रारंभी हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजाचा बोध होई. विसाव्या शतकात तो शब्द मिश्र वंशाच्या समाजाचे नाव झाला आणि भारतीय राज्यघटनेच्या ३६६ व्या अनुच्छेदात त्याची व्याख्या आली. अर्थ असा सरकत गेला की वापरणाऱ्याला तो सरकल्याची जाणीव राहत नाही. साहित्यविचारात हीच गोष्ट घडली असून तिचे परिणाम अधिक दूरगामी आहेत.

या परिणामांचा विचार करण्यास म्हैसूरसारखे दुसरे योग्य ठिकाण नाही. या एकाच नगरात दोन समकालीन लेखकांनी आपले आयुष्य वेचले. आर. के. नारायण यांचा जन्म १९०६ चा, कुवेंपूंचा १९०४ चा. दोघेही महाराजा कॉलेजचे विद्यार्थी. नारायण यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली, तर कुवेंपूंची ‘कानूरु हेग्गडिती’ १९३६ मध्ये. साहित्य अकादेमीचा पुरस्कार कुवेंपूंना १९५५ मध्ये ‘श्रीरामायण दर्शनम्’साठी मिळाला आणि नारायण यांना १९६० मध्ये ‘द गाइड’साठी. तथापि देशाबाहेरच्या वाचकापुढे नारायण ‘इंडियन’ कादंबरीकार म्हणून उभे राहतात आणि कुवेंपू कन्नड कवी म्हणून. एकाला राष्ट्र लाभते, दुसऱ्याला प्रदेश.

विशेष हे की कुवेंपूंच्या लेखनाचा आरंभ इंग्रजीतच झाला होता. ‘बिगिनर्स म्यूझ’ हा त्यांचा पहिला संग्रह १९२२ चा. आयरिश कवी जेम्स कझिन्स यांनी मातृभाषेत लिहिण्याचा सल्ला दिला आणि ते कन्नडकडे वळले. इंग्रजीतच लिहीत राहते, तर त्यांच्या नावामागे ‘इंडियन’ हे विशेषण आपोआप लागले असते. ज्या क्षणी ते आपल्या भूमीच्या अधिक निकट गेले, त्याच क्षणी ते विशेषण त्यांच्यापासून दुरावले. कर्नाटकाला भारतमातेची कन्या मानून गीत रचणाऱ्या कवीच्या बाबतीत हे घडावे, यात या शब्दाच्या वापरातील विसंगती पुरेपूर प्रकट होते.

या वापरास काही कारण नाही असे मात्र नव्हे. इंग्रजी ही अनेक राष्ट्रांच्या साहित्याची भाषा आहे. केवळ ‘इंग्रजी कादंबरी’ म्हटले की इंग्लंडचा बोध होतो. म्हणून अमेरिकन, आयरिश, इंडियन अशी विशेषणे आवश्यक ठरतात. कन्नड वा मराठी कादंबरी कोणत्या देशाची, असा प्रश्नच संभवत नाही. म्हणजे येथे ‘इंडियन’ हे विशेषण व्यावर्तक आहे. एका भाषेतील अनेक साहित्यांमधून एक वेगळे काढणे एवढेच त्याचे कार्य. के. आर. श्रीनिवास अय्यंगार यांच्या ग्रंथनामांतून ही निकड स्पष्ट दिसते. १९४३ मध्ये त्यांनी ‘इंडो-अँग्लियन’ हा शब्द योजला, तर १९६२ च्या ग्रंथाचे नाव ‘इंडियन रायटिंग इन इंग्लिश’ असे ठेवले. ‘इंग्रजीतील’ ही मर्यादा त्या नावात प्रामाणिकपणे नोंदलेली आहे.

दोष उद्भवतो तो ही मर्यादा गळून पडते तेव्हा. १९९७ मध्ये सलमान रश्दी व एलिझाबेथ वेस्ट यांनी स्वातंत्र्योत्तर पन्नास वर्षांतील ‘इंडियन रायटिंग’चा संग्रह संपादित केला. त्यात मंटोची एक अनुवादित कथा वगळता सारे लेखन मूळ इंग्रजीतील होते, आणि देशी भाषांतील गद्याहून ते अधिक सकस असल्याचा दावा रश्दींनी केला. व्यावर्तक विशेषण येथे मूल्यवाचक झाले. अंशाने पूर्णाचे नाव घेतले. अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ (१९७६) अशा व्याख्येत बसते, ‘भिजकी वही’ (२००३) बसत नाही. एकाच कवीचे भारतीयत्व त्याने कोणत्या भाषेत लिहिले यावर अवलंबून राहावे, हा निकष कोणत्याही समीक्षेला शोभणारा नाही.

परंतु मराठीनेही स्वतःस निर्दोष मानू नये. स्वातंत्र्यपूर्व मराठीत ‘इंडियन’साठी ‘हिंदी’ हा शब्द रूढ होता. तो अर्थ आता ‘हिंदी महासागर’ यासारख्या नावांत उरला आहे. त्याची जागा ‘भारतीय’ने घेतली. ग. त्र्यं. देशपांडे यांच्या ‘भारतीय साहित्यशास्त्र’ या मौलिक ग्रंथाचा विषय प्राधान्याने संस्कृत काव्यशास्त्र आहे, आणि मराठी वाचकाला त्या नावात काहीच खटकत नाही. तिकडे इंग्रजीने व्यापलेली जागा येथे संस्कृतने व्यापली आहे. तमिळ काव्यविचाराची प्राचीन परंपरा दोन्हीकडे बाहेरच राहते.

म्हैसूरच्याच सी. डी. नरसिंहय्या यांनी १९७९ मध्ये स्थापन केलेल्या साहित्यकेंद्राला ‘ध्वन्यालोक’ हे नाव दिले. इंग्रजीच्या या प्राध्यापकाने आनंदवर्धनाकडे वळावे, ही घटना अर्थपूर्ण आहे. इंग्रजीत लिहिलेल्या कृतीचे भारतीयत्व लेखकाच्या जन्मस्थानाने सिद्ध होत नाही, त्यासाठी परंपरेशी नाते जोडावे लागते, ही जाणीव त्यामागे दिसते. मात्र ती परंपरा एकच नाही, हेही त्याच नगरातील कुवेंपूंचे कन्नड महाकाव्य सांगते.

म्हणून ‘इंडियन’ वा ‘भारतीय’ हे विशेषण टाकून देण्याचे कारण नाही. ते कशापासून काय वेगळे करण्यासाठी योजले आहे, हे प्रत्येक वेळी तपासले पाहिजे. इंग्लंडच्या कादंबरीहून नारायण यांची कादंबरी वेगळी दाखवताना ते सार्थ आहे. कुवेंपूंहून नारायण वेगळे दाखवण्यासाठी तेच योजले, तर तो शब्द आपला अर्थच गमावतो.