टेनिसनचे तीन नाताळ

ज्या घरांत नुकताच मृत्यु येऊन गेला आहे, त्या घरानें सण कसा पाळावा, हा प्रश्न कोणत्याहि समाजाला चुकलेला नाहीं. आपल्याकडे पुष्कळ घरांत त्या वर्षीं दिवाळीचा फराळ करीत नाहींत. आप्तेष्ट आणून देतील तेवढाच घरांत येतो. दुःखिताला आनंदांतून सूट देणारी ही रीति आहे, आणि तींत मोठें सौजन्य आहे. ख्रिस्ती कुटुंबाची अडचण थोडी निराळी. नाताळ हा ज्याच्या जन्माचा उत्सव, त्यानेंच मृत्यूला जिंकलें, अशी त्यांची श्रद्धा. तेव्हां मृत्यूच्या निमित्तानें तो सण टाळणें म्हणजे ऐन गरजेच्या वेळीं श्रद्धाच बाजूला ठेवण्यासारखें होतें. पण डोळ्यांत पाणी असतां आनंदाचें गाणें म्हणावें, तर तें ढोंग नव्हे काय? टेनिसनच्या ‘इन मेमोरियम’ या विलापिकेंतील तीन नाताळांचे प्रसंग आम्हांस या प्रश्नासाठीं पुनःपुन्हा वाचावेसे वाटतात.

आर्थर हॅलम हा कवीचा केंब्रिजमधील जिवलग मित्र आणि त्याच्या बहिणीचा नियोजित वर. अवघा २२ वर्षांचा असतां १५ सप्टेंबर १८३३ रोजीं तो व्हिएन्ना येथें वारला. त्याच्यावरील हें काव्य १८५० सालीं, कवीचें नांव न घालतां, प्रसिद्ध झालें. मधल्या काळांत सुटीं सुटीं लिहिलेलीं प्रकरणें कवीनें मागाहून क्रमानें लाविलीं आहेत, आणि त्या क्रमांतच त्याचें म्हणणें सांपडतें. वस्तुतः हॅलमचें दफन ३ जानेवारी १८३४ रोजीं, म्हणजे नाताळ उलटल्यावर, क्लीव्हडन येथें झालें. काव्यांत मात्र दफन आधीं येतें व नाताळ मागून. कबर पाहिल्यावांचून सणाकडे जाऊं नये, असाच जणुं हा संकेत आहे.

पहिल्या नाताळांत घरचीं माणसें कांपऱ्या हातांनीं हॉलीच्या डहाळ्या गुंफतात आणि नेहमींचे खेळ खेळूं पाहतात. हा आनंदाचा खोटा आव आहे, हें कवि स्वतःच सांगून टाकतो. मग सर्व जण हातांत हात घेऊन गप्प बसतात, गेल्या वर्षीं त्याच्यासह म्हटलेलें गाणें म्हणतात, थांबतात, रडतात. आणि त्यानंतर पुन्हा उंच स्वरांत, मृत माणसें नाहींशीं होत नाहींत, असें गातात. आशा येथें अश्रूंच्या आधीं येत नाहीं, म्हणूनच ती खरी वाटते. लगेच पुढें लाझरस व त्याची बहीण मेरी यांचा प्रसंग घातला आहे. चार दिवस तो कोठें होता, याचें उत्तर कोणींच लिहून ठेविलेलें नाहीं. कवि तो प्रश्न विचारतो आणि अनुत्तरितच सोडतो.

दुसरा नाताळ शांत आहे. बाहेर बर्फ पडलें आहे, घरांत खेळ व नाच चालले आहेत, कोणाच्याहि डोळ्यांत पाणी नाहीं. कवि दचकतो: दुःखहि मरतें कीं काय? ज्यानें आप्त गमावल्यावर प्रथमच मनमोकळें हास्य केलें आहे, त्याला ही भीति परिचित असेल. त्याचें उत्तर असें कीं, दुःख गेलें नाहीं. तें सर्व जीवनांत मिसळून गेलें, अश्रु मात्र आटले.

तिसऱ्या नाताळीं जुनें घरच सुटलें आहे. टेनिसन कुटुंबानें १८३७ सालीं सॉमर्सबी सोडलें. नव्या ठिकाणच्या घंटा अनोळखी, वडिलांची कबर मागें राहिलेली. या वर्षीं डहाळ्या नाहींत, खेळ नाहींत. आणि याच रित्या घरांतून नववर्षाच्या घंटांना उद्देशून तें प्रसिद्ध आवाहन निघतें: मन पोखरणारा शोक, श्रीमंत-गरिबांचें वैर व युद्धें यांना निरोप द्या, आणि येणाऱ्या ख्रिस्ताचें स्वागत करा.

टी. एस्. एलियट यांनीं १९३६ सालीं असा अभिप्राय दिला कीं, या काव्याची धार्मिकता त्यांतील श्रद्धेच्या नव्हे, तर संशयाच्या कसामुळें आहे. सिद्धान्त तोलावयाचे असतील, तर हें आम्हांस मान्य आहे. परंतु कांपऱ्या हातांनीं डहाळ्या गुंफणें ही सुद्धां श्रद्धाच होय. ती मताच्या रूपानें न दिसतां कृतीच्या रूपानें दिसते, इतकेंच. आमची तक्रार निराळी आहे. तिसऱ्या नाताळचा ख्रिस्त हा बेथलेहेमच्या बालकापेक्षां भावी मानवतेचा आदर्शच अधिक वाटतो. पुत्र गमावलेल्या मातेला चांगलें युग नको असतें. तिला तो एक चेहरा हवा असतो. तिचें समाधान होईल तर पहिल्या नाताळांत, जेथें गाणें मध्येंच तुटतें व पुन्हा सुरू होतें.

१४ डिसेंबर १८६१ रोजीं, नाताळच्या तोंडावर, प्रिन्स आल्बर्ट निवर्तले. पुढें व्हिक्टोरिया राणीला या काव्यानें धीर दिला, हें सर्वश्रुत आहे. राणीचें दुःख त्यामुळें संपलें नाहीं. तिनें काळा पोषाख अखेरपर्यंत टाकला नाहीं. या काव्याकडून त्याहून अधिक अपेक्षा करणें आम्हांस रास्त वाटत नाहीं. सणाच्या दिवशीं दुःखिताला हंसावयास लावणारें साहित्य पुष्कळ आहे. त्याला रडूं देऊन मग गावयास बसविणारें मात्र थोडें, आणि तें या काव्यांत आहे.