सायलोतलं घर

बार्सिलोनाच्या वेशीवर रिकार्दो बोफिल या वास्तुविशारदाला १९७३ साली एक बंद पडलेला सिमेंट कारखाना सापडला. तीसहून अधिक सायलो, जमिनीखाली बोगदे, यंत्रांची अवाढव्य दालनं. तिथंच त्यानं घर आणि कचेरी थाटली. ‘ला फाब्रिका’ या नावानं आज त्याचे फोटो फिरतात: काँक्रीटवर चढलेल्या वेली, उंचच उंच पडदे, आणि खाली ‘जुन्याला नवं आयुष्य’ छापाची ओळ.

ही ओळ अर्धीच खरी आहे. बोफिलनं आधी केलं ते पाडकाम. सुरुंग आणि जॅकहॅमर लावून दीडेक वर्षं. सायलो उरले आठ. जुना कोड हाताळणारा कुणीही सांगेल (माझं पोट त्यावरच चालतं), काय ठेवायचं यापेक्षा काय काढायचं हे ठरवणं अवघड असतं. कुठेच न जाणारे जिने, काहीच न पेलणारं काँक्रीट यांतलं सौंदर्य बोफिलला दिसलं, ही त्याची खरी करामत.

खटकतं ते पुढचं. कारखान्याच्या रांगड्या भिंतींत त्यानं मध्ययुगीन वळणाच्या उंच कमानदार खिडक्या काढल्या आणि मोठ्या दालनाला नाव दिलं ‘कॅथेड्रल’. म्हणजे कारखाना सुंदर ठरायला आधी त्याचं देऊळ व्हावं लागतं! सिमेंटची धूळ खाल्लेल्या माणसांची आठवण त्या नावात उरत नाही.

तरी बोफिलला हौशी श्रीमंत म्हणून झटकता येत नाही. याच कारखान्याच्या जमिनीवर त्याच्या चमूनं ‘वॉल्डन ७’ बांधलं, चारशेहून अधिक घरांचं, बेताच्या उत्पन्नाच्या लोकांसाठी. पुढे तिथल्या फरशा निखळू लागल्या, जाळ्या बांधाव्या लागल्या. पण निदान त्या जमिनीत इतरांचाही वाटा होता.

हे वाचताना मला गिरणगाव आठवतं. १९९१च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे ठरले: मोकळी जागा, सार्वजनिक घरं, मालक. २००१च्या बदलानं हे वाटप फक्त मोकळ्या जमिनीपुरतं उरलं. इमारतींखालची जमीन त्यातून वगळली गेली, मग इमारत पाडली तरी. जपण्याचं कारणच संपलं. फिनिक्स मिलची चिमणी मात्र मॉलमध्ये उभी आहे. तिचेही फोटो निघतात.